तिफणीचे तास आणि काळ्या-पांढऱ्या फोटोतली रेघ

ऑक्टोबर लागला की आमच्या परभणी-जिंतूर पट्ट्यात रब्बीच्या पेरणीची घाई उडते. सोयाबीन निघालेलं असतं, रान मोकळं असतं, आणि वापसा, म्हणजे मातीत पेरणीपुरती ओल, आहे तोवर ज्वारी मातीत पडायला हवी असते. मामाच्या घरी अजून बैलांची तिफण आहे. मामा तिफण धरून बैल हाकतो आणि मामी मागून चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरून चालते. तिच्या मुठीतून बी किती सुटतं यावर सगळं पीक दाट येणार की विरळ, हे ठरतं. मला त्या मुठीचा फोटो हवा होता.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून मी फोनवर वीसेक फोटो काढले. स्क्रीनवर ते झकास दिसत होते. मामीचं लाल लुगडं, मागं धुऱ्यापलीकडची हिरवीगार तूर, पुढं काळं रान. रात्री एका फोटोतला रंग काढून टाकला आणि मामी दिसेनाशी झाली. चेहऱ्याचा, हाताचा थोडा उजळ भाग उरला. बाकी लुगडं तुरीत मिसळून गेलं. नजर सरळ मामाच्या पांढऱ्या धोतरावर जाऊन बसत होती. ज्या मुठीसाठी सगळा खटाटोप, ती त्या फोटोत नव्हतीच.

असं का झालं ते समजून घेतलं की काळ्या-पांढऱ्या फोटोची निम्मी गोष्ट समजते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, शून्यापासून २५५ पर्यंत. रंग काढताना या तिघांचा मिळून एक करडा आकडा करायचा असतो. आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो, निळ्याचा सगळ्यात कमी. म्हणून जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेल्या हिशेबात लालाचे साधारण ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के धरतात. आता लुगड्याचा लाल २००, हिरवा ३०, निळा ४० असा धरा. उत्तर येतं ८२. तुरीच्या पानाचे आकडे ७०, १०० आणि ४० असे धरा. उत्तर येतं ८४. डोळ्याला लाल आणि हिरवा म्हणजे दोन टोकं. करड्यात मात्र दोघांत दोन आकड्यांचा फरक. मामी दिसणार कशी?

आणि इथंच एक उपायही सापडतो. तिन्ही आकडे न मिसळता फक्त लाल आकडा घेतला तर लुगडं २०० आणि तूर ७०, म्हणजे गडद तुरीपुढं उजळ मामी. फक्त हिरवा घेतला तर लुगडं ३० आणि तूर १००, म्हणजे उजळ तुरीपुढं गडद मामी. फोटो तोच, शेत तेच, पण दोन वेगळी चित्रं. फिल्मच्या काळात हेच काम भिंगावर लाल किंवा हिरवी काच लावून करत. छायाचित्रकार अन्सेल अॅडम्सनं १९२७ मध्ये अमेरिकेतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो गडद लाल फिल्टर लावून घेतला, आणि निळं आभाळ जवळजवळ काळं करून कडा त्यातून बाहेर काढला. आज फोनमधल्या काही एडिटिंग अॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी मिळते, ती त्याच काचेचं काम करते. फक्त 'मोनो'चं बटण दाबून थांबू नका. ते बटण कुणाला उजळ ठेवायचं आणि कुणाला बुडवायचं हे स्वतःच ठरवतं, आणि मामी कोण हे त्याला माहीत नसतं.

आता रेघेकडे येतो. कंपोझिशन म्हणजे चौकटीतली मांडणी: काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, काय कशाच्या पुढं येऊ द्यायचं. त्यात जी रेघ बघणाऱ्याला वाट दाखवत आत नेते तिला फोटोवाले लीडिंग लाइन म्हणतात. रस्ता, कुंपण, नदीचा काठ, खांबांची रांग, काहीही. आपल्याकडे तर रेघांचा दुष्काळ नाही. पांदणीतली बैलगाडीची चाकोरी आहे, कापसाच्या सऱ्या आहेत, उसाला पाणी देणारे पाट आहेत.

पण रंगीत फोटोत पाट निळसर असतो आणि माती तपकिरी, म्हणून रेघ आपोआप दिसते. रंग गेला की रेघ टिकण्यासाठी एकच आधार राहतो, उजेड आणि सावली यांची शीव. जिथं उजळ संपतं आणि गडद सुरू होतं तिथं रेघ असते. तशी शीव नसेल तर समोर दहा मैलांचा रस्ता असूनही फोटोत रेघ नसते.

तिफणीच्या तासाचंच बघा. तिफणीला तीन फण, म्हणून एका फेरीत तीन तास, म्हणजे पेरणीच्या तीन ओळी, पडतात. फणानं उकरलेली माती दोन्ही बाजूंना जराशी उचलली जाते. ती उंची बोटभर. सगळी माती एकाच काळ्या रंगाची. मग तास दिसतो कशामुळं? सकाळचं तिरपं ऊन त्या बोटभर उंचीच्या एका अंगाला पडतं आणि दुसऱ्या अंगाला सावली राहते. दुपारी बारा वाजता ऊन वरून आलं की दोन्ही अंगं सारखी उजळतात आणि सगळं रान सपाट दिसतं. मी दोन्ही वेळी एकाच जागेवरून फोटो काढून शेजारी ठेवलेत. दुपारच्या फोटोत पेरणी झालीय हेही कळत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, तो मला उशिरा कळला. ऊन तिरपं असून भागत नाही, ते तासाला आडवं यावं लागतं. तास पूर्व-पश्चिम असेल आणि सूर्य पूर्वेला, तर ऊन तासाच्या लांबीतून धावतं आणि सावली पडायला जागाच राहत नाही. तास दक्षिणोत्तर असेल तर तीच सकाळ प्रत्येक तासाची सावली पाडते. म्हणून शेतात जाण्याआधी मी आता विचारून घेतो, पेरणी उभी चाललीय की आडवी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो. या खेपेला धुऱ्यावर उभा न राहता रानात उतरलो आणि गुडघ्यावर बसलो. मामी म्हणाली, "काल काढले की एवढे, आज आणि काय काढायलास रे?" मी मामाला म्हटलं, "मामा, जरा थांबा की तिथंच." मामानं मागं वळूनही बघितलं नाही. "थांबून कसं जमंल? वापसा जाईल की." मग मीच जागा बदलत राहिलो, आणि ते बरंच झालं, कारण जागा बदलल्यानं काय होतं हे त्या तासाभरात नीट कळलं.

पहिली गोष्ट उंचीची. सपाट रानात क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. तुम्ही उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढलात तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाला क्षितिज डोळ्याच्या पातळीवर कापतं, मग तो दहा पावलांवर असो की शंभर. त्याचं सगळं अंग जमिनीपुढं किंवा पिकापुढं येतं. कॅमेरा गुडघ्याला आणलात तर क्षितिज त्याच्या गुडघ्याला येतं आणि वरचं सगळं अंग आभाळापुढं. मामीच्या मागची तूर छातीएवढी होती, पण मामीपेक्षा बरीच लांब. त्यामुळं खालून पाहताना ती मामीच्या मांडीपर्यंतच पोचत होती. चाडं, मूठ, वाकलेली मान, सगळं उजळ आभाळावर कोरल्यासारखं आलं. लाल-हिरव्याचा घोळ एडिटिंगच्या आधीच मिटला.

दुसरी गोष्ट रेघांच्या पसरण्याची. समांतर रेघा लांब जाताना एकमेकींजवळ येताना दिसतात, कारण अंतर दुप्पट झालं की कोणतीही वस्तू निम्मी दिसते. दोन तासांतलं हातभर अंतर चार पावलांवर दिसतं त्याच्या दहावा हिस्सा चाळीस पावलांवर दिसतं. म्हणून सगळे तास क्षितिजावर एका बिंदूत मिळतात. उभ्यानं पाहिलं तर ते बरेचसे सरळ वर जाताना दिसतात. कॅमेरा खाली आणला की तेच तास पंख्यासारखे दोन्ही बाजूंना फाकतात आणि बघणारा रानाच्या मधोमध उभा असल्यासारखं वाटतं. मात्र कॅमेरा अगदी जमिनीला टेकवू नका. पुढची ढेकळं आड येतात आणि तास त्यांच्यामागं झाकले जातात. आमच्या रानात गुडघ्याची उंची बरी पडली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. लहानपणी आपण चालायला लागलो की चांदोबाही सोबत चालायचा, आठवतंय? तो फार लांब असल्यामुळं आपल्या चार पावलांनी त्याची जागा बदलत नाही. तास ज्या बिंदूत मिळतात तोही असाच अनंत लांब असतो. मी दोन पावलं उजवीकडं सरकलो तर तो बिंदू आभाळाखाली जिथल्या तिथं. मामी मात्र जवळ असल्यामुळं डावीकडं सरकते. म्हणजे सगळ्या रेघा जिथं जाऊन मिळतात, बरोब्बर तिथं मामीला आणणं माझ्या पायांच्या हातात आहे. झूम करून हे होत नाही. झूम फक्त चौकट कापतो. कोण कुणापुढं यायचं ते उभं राहण्याच्या जागेवरच ठरतं.

मामाच्या धोतराचं काय केलं, असं कुणी विचारेल. मामा पुढं आणि मामी मागून, तेव्हा मी मागच्या बाजूला गेलो. मामाचं धोतर तिफणीच्या आणि मामीच्या आड अर्धं झाकलं गेलं. चौकटीतली सगळ्यात पांढरी वस्तू नजर ओढून घेते, खासकरून ती सगळ्यात काळ्या वस्तूला लागून असली तर. काळ्या रानावर पांढरं धोतर म्हणजे अंधारात कंदील. त्याला झाका, नाहीतर त्यालाच विषय करा.

रेघ आणि सावलीचा हा धडा वेरूळच्या दहाव्या लेण्यात दगडात पाहायला मिळतो. लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. आतलं छत कमानदार आहे आणि त्यावर लाकडी वासे असावेत तशा फासळ्या सलग दगडातून कोरलेल्या आहेत. लाकडाची गरज नसताना लाकडाचा आकार ठेवला, आणि त्या प्रत्येक फासळीनं छतावर एक रेघ दिली. दोन्ही बाजूंचे खांब आणि वरच्या फासळ्या मिळून नजर थेट शेवटी स्तूपापुढं पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धाकडे जाते. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळं दुपार कलल्यावर ऊन दर्शनी भागातून आत शिरतं. सकाळी गेलात तर छत एका करड्या रंगाचं दिसेल. दुपारी उशिरा फासळीच्या एका कडेला उजेड आणि दुसरीला अंधार मिळतो. तासासारखंच गणित, फक्त इथं तास डोक्यावर आहेत. वरच्या सज्ज्यात जाता आलं तर तिथून फासळ्या जास्त जवळून दिसतात.

बीबी का मकबऱ्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. मधली वाट, कारंजी, पाण्याचा चर, सगळं एका अक्षावर. दारातून आत आलेला प्रत्येक जण तिथंच उभा राहून तोच फोटो काढतो. समोरासमोरची मांडणी चुकीची नाही, ती इमारत त्यासाठीच बांधलीय, आणि तिथं चौकटीचे तीन भाग पाडण्याचा नियम लावत बसू नये. पण काळ्या-पांढऱ्यात पांढरट घुमट फिक्या आभाळात विरघळतो. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ निळ्या दिवशी जा आणि निळ्याची पट्टी खाली ओढा, तरच घुमटाला कड मिळेल.

सरळ रेघेपेक्षा वळणारी रेघ जास्त वेळ गुंतवून ठेवते, असा माझा अनुभव आहे. सेलू तालुक्यात वालूरला एक चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्याकडे उतरतात. वरून पाहताना प्रत्येक पायरीचा माथा उजळ आणि पुढची उभी बाजू गडद, त्यामुळं रंगाशिवायही ती फिरकी स्पष्ट राहते. तिथं गेलो की मला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँचा १९३२ सालचा फ्रान्समधल्या ईएर गावातला फोटो आठवतो. वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचा लोखंडी कठडा, आणि खाली गल्लीतून निघून जाणारा एक सायकलवाला. तो सायकलवाला हललेला, पुसट आहे. जिना मात्र स्थिर आणि धारदार आहे. सगळी वळणं उतरून नजर ज्या मोकळ्या जागेत पोचते, नेमका तिथंच तो आलाय. हा माणूस आधी चित्रकला शिकलेला होता. रेघ आधी शोधून ठेवायची आणि तिच्या टोकाशी कुणीतरी येईपर्यंत थांबायचं, हे मी त्या फोटोवरून घेतलं. वालूरला मी दीड तास वर उभा होतो. शेवटी शाळेतला एक पोरगा खाली उतरून काठावर बसला आणि पाण्यात खडा टाकला.

रेघेच्या टोकाशी काय आहे, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जायकवाडीची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे. इतकी मोठी रेघ मराठवाड्यात दुसरी शोधून सापडायची नाही. तिचे मी काढलेले बहुतेक फोटो रिकामे आहेत. नजर जाते, जाते आणि काही न मिळता परत येते. रेल्वेच्या रुळांचंही तेच. शिवाय रुळांवर उतरणं जिवावरचं आणि कायद्यानंही गुन्हा आहे, तेव्हा तो मोह सोडाच.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत गल्लोगल्ली घागरींच्या रांगा असायच्या. घागरींची रांग ही फोटोच्या भाषेत उत्तम रेघ आहे: सारखे आकार, प्रत्येकाच्या पोटावर उन्हाचा एक ठिपका, मधे सावल्या. रांगेच्या शेपटाकडून टिपलं तर रेघ टँकरच्या नळाशी संपते आणि फोटो पाण्याचा होतो. नळाकडून वळून टिपलं तर तीच रेघ पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्याशी संपते. घागरी त्याच, पण दोन फोटो दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कुठल्या टोकाला उभं राहायचं, हा तांत्रिक प्रश्न आहे असं मला वाटत नाही. आणि दुसरा फोटो काढायचा तर त्या बाईला विचारूनच.

आता एक दुरुस्ती करायला हवी. 'रेघ नजर ओढून नेते' असं मी वर कितीदा तरी म्हटलं, पण डोळा रुळावरच्या गाडीसारखा रेघेवरून सरकत नाही. चित्र पाहताना तो सेकंदाला तीनेक वेळा या जागेवरून त्या जागेवर उडी मारतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बस यांनी माणसं चित्र पाहताना त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. चित्रात माणूस असेल तर डोळा पुन्हापुन्हा चेहऱ्याकडे जातो. आणि एकाच चित्रापुढं वेगवेगळे प्रश्न विचारले तर त्याच माणसाचे डोळे वेगवेगळ्या जागी थांबतात. मग रेघेचं काम काय? ती खोली दाखवते, जवळचं आणि लांबचं यांना बांधते, आणि डोळा उडी मारून परत आला तरी हे त्याच्याशी जोडलेलं आहे हे सांगत राहते. म्हणून चेहरा एकीकडे आणि रेघा दुसरीकडे गेल्या तर फोटो ओढाताणीचा होतो. दोन्ही एका जागी आले तर बघणारा तिथं थांबतो.

शटर दाबण्याआधी मी एवढंच करतो: डोळे बारीक करून समोर बघतो. रंग आणि बारीक तपशील धूसर होतात, उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. त्या तुकड्यांत रेघ दिसली तर ती फोटोतही राहील. मग चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवतो. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यातून बाहेर पळणारी उजळ पाऊलवाट, हे तिथंच सापडतं. फोनच्या कॅमेऱ्यात मोनो फिल्टर लावून ठेवला तर सवय लवकर होते, पण मूळ फोटो रंगीतच जपून ठेवा. रंगीत प्रत असेल तरच नंतर लालाची, हिरव्याची पट्टी हलवता येते.

रंगाचं करड्यात भाषांतर करताना काय सुटतं, याचा आपल्याकडचा दाखला अजिंठ्याचा आहे. मद्रास सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या रंगीत नकला करत होते. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना मुख्यतः निळा उजेडच दिसायचा. गेरूचा तांबडा काळवंडायचा आणि आभाळ कोरं पांढरं पडायचं. अजिंठ्याच्या भिंती तर गेरूनं आणि पिवळ्या मातीनं रंगलेल्या. त्या प्लेटांना कोरलेले खांब, कमानी आणि सावल्या नीट पेलायच्या; रंगवलेल्या भिंती पेलणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

मामीचा फोटो मी मोठा छापून घेतला आणि संक्रांतीला घेऊन गेलो. ज्वारी तोवर पोटऱ्यात आली होती. मामीनं हात पदराला पुसले, फोटो दारातल्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होतो ती मुठीबद्दल, आभाळाबद्दल काही बोलेल म्हणून. तिनं कडेच्या तासावर बोट ठेवलं, खालून वरपर्यंत फिरवलं आणि मामाला हाक मारली.

"बघा हो, हा तास वाकडा गेलाय."

मामानं चष्मा लावला, वाकून बघितलं. "बैल बुजला हुता तिथं," तो म्हणाला.